चालून दाखव

मुलानं हे घर घेतलं तेव्हा त्याच्या जाहिरातीतलं एक वाक्य मला फोनवर वाचून दाखवलं होतं. मेट्रोचं स्टेशन, बसथांबा, भाजीबाजार, दवाखाना, शाळा, सगळं चालण्याच्या अंतरावर. पुण्याच्या कडेला असं घर मिळायला नशीब लागतं, असं त्याचं म्हणणं. "आई, इथं गाडीची गरजच नाही," तो म्हणाला. मी म्हणाले, "अरे, आमच्याकडं गाडी होती कधी?" तो हसला आणि पुढचं वाचायला लागला. आता मी त्या घराच्या गॅलरीत बसून असते. दोन्ही गुडघे बदललेत, त्यामुळं सगळं चालण्याच्या अंतरावर असलं तरी मीच चालण्याजोगी नाही. खाली माणसांची धार लागलेली असते, स्टेशनकडं जाणारी आणि स्टेशनवरून येणारी. कुणी मान वर करून मला काही विचारत नाही. विचारतील कशाला, रस्ता त्यांच्या हातातल्या फोनमध्येच असतो. मला मात्र बसल्या जागी पाय हलवायची सवय आहे. सून म्हणते, "आई, तुमची खुर्ची किती वाजते!" तिला काय सांगू, ही खुर्ची परभणीपासून वाजतेय.

परभणीला रेल्वेचं स्टेशन आणि येष्टीचा स्टँड यांच्यामध्ये जी जागा आहे तिच्यात आमची गल्ली होती. रेल्वेतून उतरलेल्या ज्या माणसाला पुढं जिंतूर, पाथरी, गंगाखेड, सोनपेठ गाठायचं असेल तो मोठ्या रस्त्यानं न जाता आमच्या गल्लीतून घुसायचा. त्यामुळं आमच्या दारावरून दिवसभर गाठोडी, ट्रंका, कडेवरची लेकरं, लग्नाची वऱ्हाडं, पोखर्णीच्या नरसिंहाला निघालेली माणसं जात असत. घर म्हणजे पुढं आप्पांचं दुकान आणि मागं एक लांबट खोली. आप्पा माझे वडील. दुकानात पिशव्या, कुलपं, साखळ्या, सुतळी, प्रवासाला निघालेल्या माणसाला ऐनवेळी जे आठवतं ते सगळं. कुणाच्या पिशवीचा बंद गाडीतून उतरताना तुटला की तो पळत आमच्याकडं यायचा, आणि आप्पा तोंडात दाभण धरून, "हुबं ऱ्हावा, फौरन देतो," म्हणत दोन टाके घालून द्यायचे. मागं खोलीत आईच्या तव्यावर धपाटं चुरचुरत असायचं. ज्वारीच्या पिठात मिरची-लसणाचा ठेचा, तीळ, ओवा, ओल्या फडक्यावर थापलेलं, मधी बोटानं पाडलेली भोकं. त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. मुक्कामी गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर खिडकीशी येऊन, "वहिनी, बांधा चार," म्हणत. दही मात्र ज्याचं त्यानं आणायचं.

आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते बंद होतं आणि कुणाचं अडलं नव्हतं. मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की फडताळातली भांडी किणकिणायची, तेव्हा आई भाकरीचं पीठ काढायची. स्टँडवरचा भोंगा जिंतूर गाडीचं नाव घ्यायला लागला की आप्पा दुकानाच्या फळ्या काढायचे. आणि परळीच्या पॅसेंजरची शिट्टी झाली की मी कॉलेजला निघायची. अंतरही आम्ही असंच मोजायचो. स्टेशन एक पान चघळून होईपर्यंत, स्टँड त्याच्या निम्मा, कॉलेज एक धडा मनातल्या मनात म्हणून संपेपर्यंत. मी अभ्याससुद्धा चालतच करायची. पुस्तक उघडं धरून गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, पुन्हा माघारी. आई ओरडायची, "एका जागी बूड टेकव की. पायाला भिंगरी लावून आलीस का पोटातनं?" समोरची रजियाखाला शिलाई मशीन थांबवून म्हणायची, "रहने दो ना भाभी, हमारे गल्ली का पंखा है वो." मला बसवतच नव्हतं. आजूबाजूला सगळं जग कुठंतरी निघालेलं असताना एका जागी कसं बसायचं? मनमाड, पूर्णा, परळी ही नावं मी स्टेशनच्या भोंग्यातून रोज ऐकायची, पाहिलेलं मात्र त्यातलं एकही नव्हतं. प्लॅटफॉर्मवर जाऊन गाडी सुटेपर्यंत उभी राहायची आणि गाडी गेल्यावर रुळांकडं बघून उगाच चिडायची.

गल्लीचा एक कायदा होता आणि तो आप्पांनी घातलेला होता. रस्ता विचारणाऱ्याला चुकीचं सांगायचं नाही, आणि अर्धवट सांगायचं नाही. दिवसातून कितीतरी वेळा प्रश्न यायचा, "स्टँड कुणीकडं हाय हो?" हातातलं काम टाकून, गल्लीत उतरून, हात लांब करून दाखवायचं. म्हातारं माणूस असलं तर सोबत जायचं. फार पूर्वी कुणीतरी चेष्टेनं एका म्हाताऱ्याला उलटीकडं पाठवलं होतं आणि त्याची सोनपेठची शेवटची गाडी चुकली होती. लेक बाळंत होती त्याची. तो आमच्या ओट्यावर रात्रभर बसून होता. आप्पा ती गोष्ट इतक्यांदा सांगायचे की त्या म्हाताऱ्याचं पागोटं मला पाहिल्यासारखं आठवतं, मी पाहिलेलं नसताना.

आम्ही मूळचे बोरीचे. शेत होतं, दोन्ही चुलते ते करायचे, कुणाचं कुणावाचून खोळंबत नव्हतं. गाव सोडायचं कारण माझी थोरली बहीण, शोभाअक्का. दहावीला ती गावात पहिली आली. पुढं शिकायचं तर बोरीहून येष्टीनं रोज परभणीला जाऊन-येऊन करायचं. सकाळची गाडी भरून यायची आणि थांबायची नाही. संध्याकाळची कधी यायची, कधी नाही. एकदा अंधार पडला तरी अक्का आली नाही म्हणून आप्पा आणि धाकटे काका रस्त्यानं चालत निघाले, तर झरीच्या अलीकडं बंद पडलेल्या गाडीत ती दप्तर पोटाशी धरून बसलेली. नंतर गावात बोलणी सुरू झाली, पोरगी दिवस मावळल्यावर येती म्हणून. वर्षभरात अक्काचं लग्न झालं. ती सासरी निघाली तेव्हा रडली नाही, नुसती गाडीच्या टपाकडं बघत होती. आप्पांच्या डोक्यात ते बसलं. त्यांनी दुसरं काही न बोलता परभणीत जागा शोधायला सुरुवात केली आणि ज्या दिवशी ही गल्ली सापडली त्या दिवशी घरी येऊन आईला म्हणाले, "येष्टीवर शिक्शान व्हत न्हाई. पायी व्हतंय." मी तेव्हा लहान होते. पण हे वाक्य मी पुढं इतक्या लोकांना सांगितलंय की ते माझंच झालंय. अक्काचं ते मोडलेलं वर्ष सोडलं तर माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, बाई नाही आणि बाप्याही नाही. मी चढले ती चालत चढले, आणि हे सांगताना मी आवाज कमी करत नाही.

पण आप्पांचीही एक बाजू होती. शिकवायचं आणि लग्नही वेळेत करायचं, दोन्ही त्यांना साधायचं होतं. बी.एस्सी.चं माझं शेवटचं वर्ष आणि सोनपेठचं एक स्थळ चालून आलं. आमच्यातलंच, इष्टलिंग धारण करणारं घर, भुसार मालाचं दुकान, गोदावरीच्या कडेला चांगली काळी जमीन. मुलाला आईवडील नव्हते, आत्यानं वाढवलेला. सगळा कारभार आत्याबाईंचा. मुलगी बघायला यायला त्यांना मुहूर्ताचा एकच दिवस चालत होता, आणि नेमकं त्याच दिवशी दुपारी माझं वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल. परीक्षाच ती, चुकली म्हणजे वर्ष गेलं, आणि ते वर्ष लग्नानंतर कुणी परत दिलं नसतं. मी आप्पांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "पहिल्या गाडीनं येतेत, पोहे खातेत, जातेत. तुजं दुपारी हाय. कशाला कालवा करायलीस?"

पहिली गाडी आली, त्यांच्यावाचून. दुसरी आलीच नाही. आईनं पोहे झाकून ठेवले, मग पाण्याचा हबका मारून पुन्हा परतले. मी अंजिरी रंगाची साडी नेसून, हातात अक्काच्या बांगड्या घालून आतल्या खोलीत बसले होते. बसले होते म्हणजे काय, भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझारा घालत होते. माझी कॉलेजची पिशवी, तिच्यात जर्नल आणि ब्लेड-ब्रशची डबी, आप्पांच्या दुकानात विकायच्या पिशव्यांच्या रांगेत खुंटीला लावलेली असायची. ती मी दारातून तीनदा बघून आले. शेवटी राहवेना म्हणून आईची नजर चुकवून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात स्टँडकडून एक ठसठशीत बाई आली. हिरवं इरकल, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, चेहरा धुळीनं माखलेला. मागं एक पांढऱ्या सदऱ्यातला तरुण आणि एक म्हातारबा. बाईनं मलाच विचारलं, "अगं बाई, ते पिशव्यावाले आप्पा कुटं ऱ्हातेत? गंगाखेडात गाडी पंक्चर झाली बघ, जीव गेला आमचा."

मी त्यांच्यासाठीच सजूनधजून उभी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. स्टँडजवळ लग्नाच्या दिवसांत अशा सजलेल्या पोरी पुष्कळ असतात. डाव्या हाताला हात केला असता तर ती तिघं स्टेशनच्या मालधक्क्यावर निघाली असती आणि विचारत विचारत येईपर्यंत मी परीक्षेच्या टेबलाशी असते. हात उचललासुद्धा. पण कायदा आड आला. ते पागोटं आड आलं. "या माझ्या मागं," म्हणाले आणि पुढं चालायला लागले. माझं चालणं भराभर. मागून आत्याबाईंची हाक, "अगं हळू की, आमी काय शर्यतीला आलोय का?" दारात आल्यावर आप्पांनी मला पुढं आणि पाहुण्यांना मागं पाहिलं आणि त्यांच्या तोंडातलं "या, या" तिथंच अडकलं. आत्याबाईंनी मला खालीवर बघितलं. "बया! ही का पोरगी?" त्या हसल्या, मोठ्यांदा, मोकळ्या. बाई वाईट नव्हती, हे मला आजही लिहायचंय.

पोहे झाले. त्यांनी ते चवीनं, निवांत खाल्ले, वर धपाटं मागून घेतलं. मुलगा बशीकडं बघत होता. प्रश्न झाले. पुरण येतं का, पूजा रोज करती का, भावंडं किती. "शिक्शान?" आप्पांनी छाती काढून सांगितलं, "बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष." आत्याबाई म्हणाल्या, "मंग बास की आता. तांदूळ निवडायला किती शाळा लागती?" म्हातारबा हसले. आप्पाही हसले, पण ते हसताना माझ्याकडं बघत नव्हते. मी मात्र कान बाहेर लावून बसले होते. चहा आला. चहा संपेना. आत्याबाईंनी बशीत ओतून फुंकर मारली आणि अजून थोडा मागितला. तेवढ्यात परळीच्या पॅसेंजरची शिट्टी झाली.

ती शिट्टी त्या खोलीत माझ्याएवढी कुणी ऐकली नसेल. नाही, आप्पांनी ऐकली. त्यांचा हात बशीवर थांबला.

आत्याबाई म्हणाल्या, "बरं, आता जरा चालून दाखव बाई."

आजच्या मुलींना हे खरं वाटत नाही म्हणून सांगते. मुलगी बघायला आले की तिला चालायला लावत. पाय वाकडा पडतो का, लंगडते का, हे बघायला. बाजारात जनावराला फिरवून बघतात तसंच, फक्त साडी नेसवून. माझ्या अक्कालाही चालायला लावलं होतं. ती मान खाली घालून तीन-चार पावलं गेली आणि माघारी आली होती.

मी म्हणाले, "मघाशी गल्लीच्या तोंडापासनं तुमच्या म्होरंच चालत आले की."

"तवा कुटं ध्यान हुतं आमचं! चाल, लाजू नको."

"कुठपर्यंत?"

सगळे हसले. आत्याबाई म्हणाल्या, "जा की दारापतूर."

मी उठले आणि दारापर्यंत गेले. दार दुकानात आणि दुकान रस्त्यावर उघडत होतं. उंबऱ्याबाहेर पाहुण्यांच्या नव्या चपलांच्या गर्दीत माझ्या झिजक्या चपला होत्या. त्या पायात घातल्या, दुकानाच्या खुंटीवरून माझी पिशवी काढली आणि गल्लीत उतरले. मी धाडस वगैरे काही ठरवलं नव्हतं. रोज त्या शिट्टीला पाय जे करायचे तेच त्यांनी केलं. माझी मान वळायला लागली होती, ती मी वळू दिली नाही. रजियाखाला मशीनवरून ओरडली, "मेहमान घर में बैठे, और तू किधर जारी गे?" मी म्हणाले, "परीक्षा हाय, खाला!" तिनं कपाळावर हात मारला आणि मग तोच हात हलवून मला पुढं जा म्हणाली.

धडा म्हणून संपेपर्यंतचं अंतर मी त्या दिवशी एकही ओळ न म्हणता चालले. डोक्यात फक्त आप्पांचा बशीवर थांबलेला हात. प्रयोगशाळेत शेवटच्या टेबलावर बसले. खोडाचा छेद घ्यायचा होता, कागदाहून पातळ. हात थरथरला तर जाड येतो. बांगड्या वाजायला लागल्या तशा काढून पिशवीत टाकल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी साडी, कपाळावरची विभूती, डोक्यातला गजरा बघितला. "आज घरी काही कार्यक्रम आहे का?" मी म्हणाले, "होता, सर." त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काच थोडी सरकवून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "छेद चांगला आलाय."

येताना मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गल्लीत हळू चालले. दारात फक्त आमच्या घरच्या चपला होत्या. आप्पा दुकानात कुणाच्या तरी पिशवीला टाके घालत होते, तोंडात दाभण असल्यामुळं त्यांना बोलता येत नव्हतं, किंवा बोलायचं नव्हतं म्हणून दाभण होतं. आत आई माझ्याकडं पाठ करून पीठ मळत होती. परातीचा आवाज मोठा होता.

"नाक कापलंस," ती म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली.

"ती बाई दारात जाऊन हुबी ऱ्हायली. तू वळणावरनं दिसंनाशी व्हईपतूर बघत व्हती. मंग तुज्या बापाला म्हणली, आता ही परत कवा यायची?" आईनं पिठावर एक बुक्की मारली. "आन् तुजा बाप काय म्हणला ठावं हाय का? म्हणला, आत्याबाई, तुमी येष्टीनं आलात म्हणून उशीर झाला. ती पायी गेलीय. तिला व्हनार न्हाई."

आई अजून पाठमोरीच होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. वाकून बघितलं तर हसू दाबत होती, आणि मी बघितलं म्हणून तिनं पिठाचा हात माझ्या गालावर जोरात मारला.

चार दिवसांनी सोनपेठहून निरोप आला. पोरगी चालायला बरी हाय, पर थांबायची न्हाई. आप्पांनी तो निरोप येईल त्याला ऐकवला, जशी काही मला बक्षिसी मिळाली होती. नंतर जो कुणी स्थळ घेऊन येई त्याला ते आधीच सांगत, "पोरगी चालून दाखवनार न्हाई. बगायची आसंल तर परळीच्या शिट्टीला गल्लीच्या तोंडाशी हुबं ऱ्हावा. तिथनं जाती ती." निकाल लागला तेव्हा मी तो आप्पांना वाचून दाखवला आणि त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. कुठं गेले ते सांगितलं नाही. जिंतूर गाडीनं बोरीला जाऊन अक्काच्या जुन्या शाळेच्या मास्तरांना पेढे देऊन आले, हे मागाहून कळलं. मला शाळेत नोकरी लागल्यावर एक जण खरंच गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं मला स्टँडचा रस्ता विचारला. मी हात लांब करून नीट सांगितला. त्याला स्टँड माहीत होता, हे लग्नानंतर कळलं.

काल सकाळी इथं ती व्यायाम शिकवणारी मुलगी आली. लातूरकडची आहे, पण पुण्यात राहून बोलणं घासून गुळगुळीत केलंय. तिनं माझे गुडघे वाकवून पाहिले, सरळ करून पाहिले, वॉकर बाजूला ठेवला आणि दोन पावलं मागं सरकून म्हणाली, "छान. आता जरा चालून दाखवा, आजी."

खाली मेट्रो स्टेशनात शिरत होती. तिला शिट्टी नसते, नुसता एक सरकल्यासारखा आवाज असतो. पण तो आता मला ओळखू येतो.

"कुठपर्यंत?" मी विचारलं.

"दारापर्यंत पुरे," ती म्हणाली.

माझ्या चपला दाराशीच होत्या.